नाण्यांचं न फोडलेलं पाकीट हवंय?

बँकेत सुट्टे मागितले की वापरलेली काळपट नाणीच हातात पडतात. कोरी हवी असतील तर करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाण्यांचा साठा ठेवायची तिजोरी) असलेली शाखा कुठली ते विचारा, रिझर्व्ह बँकेकडून येणारा माल आधी तिथे उतरतो. गर्दी नसताना जा आणि कॅशियरला सरळ म्हणा, "साहेब, नवीन नाण्यांचं न फोडलेलं पाकीट द्या." १०० नाण्यांचं पाकीट असेल तर २० च्या नाण्यांत २००० रुपये अडकतात, म्हणून मी आपलं १ आणि २ चंच घेतो.

घरी आल्यावर:

१. फोडू नका, प्लास्टिकमधूनच बघा. सालाखाली हिऱ्यासारखी खूण म्हणजे मुंबई टाकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नाही तर कोलकाता.

२. तारीख, शाखा वेगळ्या चिठ्ठीवर लिहा.

३. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा (नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच), पावसाळ्यात मधूनमधून बदला. रबर बँड अजिबात लावू नका, त्यातल्या गंधकाने नाणी काळी पडतात.

आणि हो, ऑनलाइन 'सीलबंद' म्हणून जास्त भावाने विकतात ते घेऊ नका, तसलं प्लास्टिक घरीसुद्धा सील करता येतं.