मक्याचा मुरघास करताना एवढं बघा
माण-खटावकडं उन्हाळ्यात हिरवा चारा मिळणं अवघड, म्हणून मुरघास, म्हणजे हिरवा चारा कापून हवाबंद बॅगेत दाबून आंबवलेला चारा, वेळेत करून ठेवा. सगळा खेळ कापणीच्या वेळेचा आहे, कणसातला दाणा दाबल्यावर दूध उडतंय तोवर थांबा, घट्ट चीक आला की कापा, नाहीतर बॅगेतनं रस गळतो अन् घाण वास मारतो. कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे बारीक तुकडे, 1 ते 2 सेंटिमीटर. मुठीत दाबून सोडली की हळूहळू सुटली पाहिजे, तळहात नुसता ओलसर, पाणी निथळलं तर सुकू द्या. नेपियर गवतामध्ये साखर कमी, ते आधी सुकवून गुळाचं पाणी शिंपडा. थर टाकत भरपूर तुडवा, हवा राहील तिथंच बुरशी धरते, यात आळस नकोच! 45 दिवसांनी उघडा, आंबूस-गोड वास आला म्हणजे जमलं. बुरशीचं काढून टाका, गाभण गाईला तर ते बुरशीचं चुकूनही घालू नका.