गणपतीला जास्वंद हवी, तर छाटणी आत्ताच: इंदूरच्या बागांसाठी जूनचा सल्ला

श्रावण सरत आला की इंदुरातल्या मराठी घरांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. जास्वंदीचं झाड हिरवंगार आहे, फांद्या भिंतीच्या वर गेल्या आहेत, पण गणपतीला वाहायला फूल मिळत नाही. माझ्या मते याचं पहिलं कारण छाटणीची तारीख. पावसाने झाड अस्ताव्यस्त वाढलं की जुलैअखेरीस किंवा नागपंचमीच्या सुमारास कात्री लावली जाते आणि ज्या शेंड्यांवर कळ्या धरायच्या, नेमके तेच कापले जातात.

जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. छाटलेल्या फांदीचा डोळा फुटून, फूट वाढून तिच्यावर फूल उमलेपर्यंत साधारण १० ते १२ आठवडे जातात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तिथून बारा आठवडे मागे मोजले की २२ जून येतो. तेव्हा यंदा २० ते ३० जून हे दिवस धरा. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्या हिशेबाने छाटणी जूनच्या पहिल्या आठवड्यातच, उन्हात पाणी देऊन करायला हवी होती. तारीख दरवर्षी सरकते, म्हणून पंचांग उघडून चतुर्थीपासून मागे मोजावं.

छाटणी हलकी करा. उंचीचा एक तृतीयांश भाग, त्याहून जास्त नको. आधी वाळक्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा, मग उरलेल्यांचे शेंडे बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरके कापा. अंगठ्याएवढ्या जाड कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा, नाहीतर पावसात तिथून कूज उतरते. कलमी झाड असेल तर जोडाच्या खालून आलेले फुटवे मुळापासून काढा. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचे असतात आणि वरचं कलम दाबून टाकतात. देशी लाल जास्वंदीच्या कापलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीचे वीतभर तुकडे वाळू आणि कंपोस्टमध्ये सावलीत लावले तर पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मोठ्या फुलांच्या संकरित जाती मात्र अशा सहज लागत नाहीत.

आता माळव्याच्या काळ्या मातीचं. ही माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. पुस्तकात वाचून दीड फुटाचा खड्डा घेतला, त्यात वाळू आणि शेणखताचं भुसभुशीत मिश्रण भरलं, की चहूबाजूंच्या चिकण मातीत तो खड्डा हौदासारखा भरतो आणि मुळं बुडतात. नवीन झाड लावायचं असेल तर जमिनीपासून पाऊण ते एक फूट उंच वरंबा करा, त्यात मुरूम आणि शेणखत मिसळा आणि पाण्याला एका बाजूने वाट काढून द्या. जुन्या झाडाच्या बुंध्याशी केलेलं आळं पावसाळ्यापुरतं मोडून टाका. कुंड्यांखालच्या ताटल्याही काढा.

पानं पिवळी पडली की सगळेच खत घालायला धावतात. त्याआधी पान नीट पाहा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील, तर मुळाशी पाणी साचलेलं असण्याची शक्यता जास्त. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा द्या. चुलीची राख जास्वंदीला घालण्याची जुनी सवय आहे, पण ती इथे टाळावी. राख अल्कधर्मी असते, त्यामुळे हा त्रास वाढतो.

खतात जास्वंदीला पालाश (पोटॅश) आवडतं, स्फुरद (फॉस्फरस) जास्त मानवत नाही. म्हणून डीएपी आणि हाडांचा चुरा ही स्फुरदाची खतं आवरती घ्या. छाटणीनंतर जमिनीतल्या झाडाला घमेलंभर कुजलेलं शेणखत, कुंडीला दोन मुठी गांडूळखत पुरेसं आहे. जुलैअखेर नत्र (नायट्रोजन) बंद करून पंधरा दिवसांनी एकदा सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला ५ ग्रॅम, फवारा. ऑगस्टमध्ये पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली तर पाणी द्यायला विसरू नका. माती एकदम सुकली की कळ्या गळतात. गळलेल्या कळ्या झाडाखाली ठेवू नका, त्यांत कीड असू शकते.

सगळ्यात चिवट शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण, शेंड्यावर बसणारी पांढरी कापसासारखी कीड. भेंडी, कापूस आणि जास्वंद एकाच कुळातली, त्यामुळे ही कीड सहज इकडून तिकडे जाते. गाजरगवतावरही ती वाढते, म्हणून कुंपणालगतचं गाजरगवत फुलायच्या आत उपटा. मुंग्या तिला झाडावर चढवतात आणि सांभाळतात, तेव्हा मुंग्यांची रांग दिसली की शेंडे तपासा. सुरुवातीला लागलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकी झाड पाण्याच्या जोरदार धारेने धुवा आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणासह फवारा. पांढरी, झुबकेदार पण भराभर चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची अळी असते. तपकिरी, टणक झालेले ढेकूणही राहू द्या, त्यांच्यातून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडते. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी विषारी औषधं पूजेच्या आणि केसांच्या तेलात जाणाऱ्या फुलांच्या झाडावर नकोतच. शिंजीर आणि मधमाश्या याच फुलांवर येतात.

चतुर्थीला सकाळी लवकर फुलं हवी असतील, तर आदल्या संध्याकाळी रंग दिसू लागलेल्या टपोऱ्या कळ्या देठासह तोडून ओल्या फडक्यात ठेवा. सकाळपर्यंत त्या उमलतात. महालक्ष्म्यांनाही हीच पद्धत चालते.

अनंत चतुर्दशीनंतर झाड पुन्हा छाटण्याचा मोह होतो. तसं केलं तर कोवळी फूट डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सापडते, आणि इंदुरात तेव्हा पारा बऱ्याचदा १० अंशांच्या खाली जातो. मोठी छाटणी फेब्रुवारीच्या मध्यानंतर, थंडी ओसरल्यावर करा.