पावसाळ्याची तरतूद ताळेबंदात दिसत नाही

गोव्यातील कळंगुट-बागा पट्ट्यातील एखाद्या लहान हॉटेलचा 31 मार्चला संपलेल्या वर्षाचा नफा-तोटा हिशेब भरघोस नफा दाखवतो आणि तरीही पावसाळ्यात पर्यटक रोडावल्यावर जुलैत पगारासाठी ओव्हरड्राफ्ट (खात्यातील शिलकीपेक्षा जास्त उचल) काढावा लागतो, कारण लेखापालाचे काम झालेल्या व्यवहारांची बिनचूक नोंद ठेवणे हे असून पुढचा पैसा केव्हा येईल व केव्हा जाईल हे मांडणे आर्थिक नियोजनाचे काम आहे. म्हणून मागील दोन वर्षांच्या खातेवहीतून महिनावार प्रत्यक्ष जमा-खर्च काढावा आणि त्यावरून एप्रिलपासूनचा बारा महिन्यांचा रोख-प्रवाह तक्ता तयार करावा. त्यात जून ते सप्टेंबरचे पगार, कर्जाचे हप्ते, छपराची डागडुजी आणि 15 जून व 15 सप्टेंबरचे आगाऊ आयकराचे हप्ते त्या त्या महिन्यातच दाखवावेत. वार्षिक रकमेला बाराने भागण्याची सोपी वाट गोव्यात तरी उपयोगाची नाही. नाताळच्या आरक्षणापोटी ऑक्टोबरमध्ये आलेली आगाऊ रक्कम पाहुणा राहून जाईपर्यंत देणे म्हणूनच नोंदवावी, ती कमाई समजून खर्चून टाकू नये. दरमहा प्रत्यक्ष आकडे अंदाजाशेजारी लिहावेत आणि मोठ्या तफावतीचे कारण लेखापालाला त्याच आठवड्यात विचारावे.