मुलाकडे अमेरिकेत सहा महिने जायचंय? आधी गावाकडचं लावून घ्या

दारव्ह्याच्या बाजूच्या आमच्या गावातून आता बरेच जण मुलामुलींकडे परदेशी जातात आणि जाण्याआधी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, हे वीज मंडळातून. थोरला ओहायोत, कोलंबसला असतो. आमचं त्याच्याकडे जाणं-येणं चालू असतं. येणारे स्वेटरचं आणि बॅगेच्या वजनाचं विचारतात. मी त्यांना आधी वावराचं आणि पेन्शनचं विचारते. इथलं नीट लावून गेलं तरच तिथं जीव रमतो.

सगळ्यात आधी महिने ठरवा. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत उतरल्यावर साधारण सहा महिने राहू देतात, पण परतीची शेवटची तारीख आय-९४ या नोंदीत असते. व्हिसावर दहा वर्षं लिहिलेली असली तरी चालते ती हीच तारीख. मुलाला पहिल्याच आठवड्यात ती नोंद छापून फ्रिजवर लावायला सांगा.

आम्ही एप्रिलच्या मध्यात निघतो आणि दसऱ्याच्या सुमारास परततो. आपला ४४-४५ अंशांचा उन्हाळा टळतो, तिकडचा बर्फही टळतो. गुडघे दुखणाऱ्यांनी बर्फावरून चालायच्या भानगडीत पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आपण स्वतः बँकेत हजर राहतो. ज्यांना तेव्हा तिकडेच राहायचंय त्यांनी जीवन प्रमाण ॲप इथं असतानाच चालवून पाहावं. २०२१ पासून त्यात चेहरा दाखवूनही दाखला निघतो. ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत त्यांची मोठी सोय झाली. मात्र आपली बँक आणि कोषागार काय मान्य करतात, ते जाऊन विचारा. मोबाइलवरच्या ऐकीव माहितीवर विसंबून राहू नका.

बँकेला जोडलेलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका. रोमिंग इथूनच सुरू करून जा, नाहीतर ओटीपी येत नाही आणि आपलेच पैसे आपल्याला हलवता येत नाहीत.

आता वावर. मक्त्यानं म्हणजे ठरलेल्या रकमेवर द्या की बटईनं म्हणजे वाट्यानं, पण कागद करा. रक्कम किती, कधी मिळणार, पीक विमा कोण काढणार आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, कोण करणार, हे चारही त्यात आलं पाहिजे. पाहणीचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, तो कोलंबसहून निघत नाही. पाहणी राहिली की सातबाऱ्यावर पीक चढत नाही, मग भरपाई आणि हमीभावाची विक्री दोन्ही अडतात. आमच्याकडे पुतण्या हे काम करतो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, त्यामुळे पीक चढलं का ते मी तिकडून बघून घेते. पुतण्याला याचा राग येत नाही, कारण हे आधीच बोलून ठेवलंय.

मुखत्यारपत्र द्यायची वेळ आलीच तर कुलमुखत्यार कोणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. एका कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र करा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. तिकडे गेल्यावर हेच करायचं म्हणजे वकिलातीपर्यंत धावपळ.

तब्येतीच्या बाबतीत काटकसर करू नका. दात आणि चष्मा यवतमाळ-नागपुरातच उरकून घ्या. तिकडे दातांचा खर्च डोळे पांढरे करतो आणि प्रवाशांच्या विम्यात तो सहसा नसतो. विमा घेताना मुलाला दोन गोष्टी वाचून दाखवायला लावा: आधी खिशातून किती भरावं लागेल आणि जुनं बीपी-शुगर त्यात धरलंय का. बहुतेक योजनांत ते नसतं, असलं तर अचानक उद्भवलेल्या त्रासापुरतं. आपल्या डॉक्टरची चिठ्ठी तिकडच्या औषध दुकानात चालत नाही. म्हणून गोळ्या मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीच नको, तिथं ते गोठू शकतं. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्यात लाजायचं काही नाही. विमानात अधूनमधून उठून चाला, पाय सुजू देऊ नका.

आणि एक बोलणं टाळू नका. तिकडे आपल्यापैकी एकाचं काही झालं तर काय करायचं? पार्थिव परत आणायचा खर्च पुष्कळ विम्यांत धरलेला असतो, रक्कम तपासा. तिकडेच अग्नी द्यायचा की गावी आणायचं, हे मुलाला स्वतःच्या तोंडानं सांगा. आम्ही सांगितलं. तो रडला, पण ते ओझं आता त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नाही.

सामानात तिखट, हळद, कुरडया न्या आणि विमानतळावर विचारलं की खरं सांगा. तांदूळ, हरभरा, सोयाबीन मात्र नेऊ नका. आपल्या गोदामांत होणाऱ्या खपरा किड्याच्या भीतीनं हे धान्य प्रवाशांच्या सामानातून न्यायला अमेरिकेत बंदी आहे.

तिथं पोचल्यावर सुनेच्या स्वयंपाकघरात पहिले आठ दिवस फक्त पाहा. मग तिला विचारून एखाद-दोन कामं पूर्ण आपल्याकडे घ्या. मी संध्याकाळच्या भाकरी घेतल्या, यांनी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं. भाजी आणताना कधीतरी पैसे आपल्या पेन्शनमधून द्या. शेजारणीची मुलं पैसे घेऊन सांभाळू का, असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. या व्हिसावर कमाईचं काम चालत नाही.

गावी फोन सकाळी साडेआठला लावा. उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे तेव्हा आपल्याकडे सहा वाजलेले असतात, माणसं वावरातून घरी आलेली असतात. दुपार मोठी जाते, त्यासाठी जवळची लायब्ररी शोधा. कार्ड नाही मिळालं तरी बसून वाचायला कोणी अडवत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजी बोलायचे फुकट वर्गही असतात. एकटं बाहेर पडताना मुलाचा पत्ता, फोन आणि आपल्या औषधांची नावं इंग्रजीत लिहिलेला कागद खिशात असू द्या. संकटात ९११ लावायचा, आणि पत्ता तोंडपाठ म्हणता येईपर्यंत घरी रोज म्हणून घ्यायचा.