१५ मिनिटांनंतरचा कोरा ब्लॉट

एम.एस्सी. संपवून परळच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी रुजू झालो, तेव्हा कायनेज म्हणजे पेशीला चालना देणारे विकर आणि फॉस्फटेज म्हणजे तिला आवरणारे, अशी सुटसुटीत वाटणी मी वहीत करून ठेवली होती. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींमधल्या लिन या कायनेजने ती पहिल्या सहा महिन्यांतच मोडीत काढली.

प्रतिजन (पेशीने ओळखायचा परका रेणू) पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटला की लिन ग्राहीच्या आतल्या बाजूच्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसवते, तेथे सिक हे दुसरे कायनेज येते आणि संदेश पुढे सरकतो. मात्र हेच लिन शेजारच्या सीडी-२२ या प्रथिनावरही फॉस्फेट बसवते, आणि त्या जागी एसएचपी-१ हे फॉस्फटेज येऊन नुकतेच बसलेले फॉस्फेट काढू लागते. लिन नसलेल्या उंदरांचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या बी-पेशी मंद असतील असे कोणालाही वाटेल; प्रत्यक्षात त्यांच्यात स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे तयार झाली आणि मूत्रपिंडे बिघडली. चालना देण्याचे काम लिनची भावंडे, म्हणजे त्याच कुळातली इतर कायनेजे, निभावून नेतात, आवरण्याच्या कामात मात्र त्याला पुरेसा पर्याय नाही.

हे सारे वाचूनही माझा पहिला प्रयोग फसलाच. पेशींना उद्दीपन देऊन मी त्या थेट १५ मिनिटांनी फोडल्या, ब्लॉट (प्रथिनांवरचे फॉस्फेट प्रतिपिंडाच्या साहाय्याने पट्ट्यांच्या रूपात दाखवणारा पडदा) जवळपास कोरा आला, आणि ‘पेशी प्रतिसाद देत नाहीत’ असे मी ठामपणे लिहून टाकले. गाईड मॅडमनी वही पाहून एवढेच विचारले, “मधल्या वेळात काय झालं?” पुढच्या खेपेस ०, १, २, ५, १० आणि १५ मिनिटांचे नमुने घेतले, पट्टा २ मिनिटांना सर्वांत गडद होता आणि मग फिका होत गेला. तो फिका होणे हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता, आणि मी त्याला अपयश समजत होतो.

नव्याने येणाऱ्यांनी पेशी फोडण्याच्या द्रावणात फॉस्फटेजे रोखणारे सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालण्यास विसरू नये, कारण पेशी फुटल्यावरही फॉस्फटेजे काम थांबवत नाहीत. ब्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रतिपिंड पडद्यावर कुठेही चिकटू नये म्हणून, दुधाची पावडर स्वस्त पडते, पण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असल्याने बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) घ्यावे. प्रतिपिंडाचे इन्क्युबेशन रात्रभर कोल्ड रूममध्ये लावावे. शेवटची लोकलही चुकत नाही. आणि सक्रिय लिनसाठी म्हणून घेतलेले प्रतिपिंड त्याच्या भावंडांनाही चिकटू शकते, तेव्हा ५३ आणि ५६ किलोडाल्टनचे पट्टे दिसताच ते लिनचेच आहेत असे धरून चालू नये.