टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस परतवताना चकवा देताय? या चुका टाळा

समोरून आखूड बॅकस्पिन (उलट्या फिरकीची) सर्व्हिस येते. तुम्ही खांदा एकीकडे झुकवता, मनगट दोनदा हलवता, बॉल दुसरीकडे ढकलायला जाता आणि तो नेटमध्ये. किंवा बॉल टेबलवर पडतो, पण समोरचा आधीच तिथे उभा असतो. दोन्ही वेळा मूळ चूक बहुधा एकच असते: चकवा म्हणजे जास्तीची हालचाल, असा समज. चकवा हालचाल वाढवून होत नाही. दोन वेगळ्या फटक्यांची सुरुवात हुबेहूब सारखी ठेवावी लागते आणि फरक शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये करावा लागतो.

खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट वाचाव्यात.

टप्पा पडायच्या आधीच बदल करणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून सर्व्हर काय पाहतो ते आधी समजून घेऊ. सर्व्हिस मारल्यावर तो सावरून मूळ जागेवर येतो आणि त्याची नजर तुमच्या बॅटवर आणि खांद्यावर जाते. बॉल तुमच्या बाजूला टप्पा घेतो, त्याच सुमारास तिसरा बॉल (सर्व्हिस आणि तुमच्या फटक्यानंतर त्याने मारायचा बॉल) कुठे येईल हे तो ठरवायला लागतो. तुमची हूल टप्प्याच्या आधीच संपली, तर तुमचा खरा इरादा त्याला निवांत दिसतो. म्हणून हिशेब साधा ठेवा: टप्पा पडेपर्यंत खोटं दाखवायचं, टप्पा पडल्यानंतर खरं करायचं.

त्यासाठी बॅट बॉलच्या मागे लवकर पोचली पाहिजे, म्हणजेच पाय लवकर पोचला पाहिजे. फोरहँडच्या आखूड बॉलसाठी उजवा पाय टेबलखाली पुरेसा आत गेला नसेल, तर हात लांबवून कसाबसा बॉल गाठावा लागतो आणि निवड करायची संधीच उरत नाही. ज्याला 'मनगट चालत नाही' म्हणून तक्रार असते, त्याचा पाय बहुतेक वेळा अर्धं पाऊल मागे असतो. आधी पोचा, बॅट तयार धरा, क्षणभर थांबा. समोरच्याला अस्वस्थ करतो तो हा थांबाच. स्वीडनचा यान-ओवे वाल्डनर, 1989 आणि 1997 चा विश्वविजेता आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, त्याच्या रिसीव्हचे (सर्व्हिस परतवण्याचे) व्हिडिओ संथ करून पाहा. हात कमी हलतो आणि निर्णय उशिरा होतो.

स्पिन वाचण्याआधी चकवा ठरवून टाकणे

'या पॉइंटला चिकिटाची हूल देऊन ड्रॉप' (चिकिटा म्हणजे मनगट वळवून मारलेला बॅकहँड फटका, ड्रॉप म्हणजे नेटजवळ हलकेच टाकलेला बॉल) असं सर्व्हिसच्या आधीच पक्कं केलं आणि समोरून आला बिनस्पिनचा बॉल, तर तो ड्रॉप उंच उडणार. आधी स्पिन, मग लांबी, मग चकवा, हाच क्रम. स्पिन कळलाच नसेल तर त्या पॉइंटला चकवा सोडून द्या आणि बॉल सुरक्षितपणे समोरच्याच्या मिडलला, म्हणजे त्याच्या अंगाच्या रोखाने टाका.

साइडस्पिनसाठी (बाजूच्या फिरकीसाठी) एक पक्का नियम: सर्व्हरची बॅट जिकडे जाऊन संपली, तिकडे बॉल तुमच्या बॅटवरून सरकतो. ती जिथून निघाली, तिकडे नेम धरा. बॉलला जितका हलका स्पर्श, तितका समोरचा स्पिन जास्त बोलतो. हूल दिल्यानंतरचा ड्रॉप हलकाच असतो, त्यामुळे नेमात ही भरपाई धरली नाही तर बॉल भलतीकडेच जातो.

शॉर्ट आणि लाँग पुशची सुरुवात वेगळी असणे

पुश म्हणजे बॉल खालून घासत पुढे ढकलणं; शॉर्ट म्हणजे आखूड, लाँग म्हणजे लांब. हीच जोडी सर्वांत आधी शिकावी. ती दिसायला साधी असते आणि सामन्यात सर्वांत जास्त पॉइंट काढून देते. चूक अशी होते की शॉर्ट पुशला बॅट पुढे असते आणि लाँग पुशला मात्र ती छातीपर्यंत मागे येते. समोरचा नुसतं तेवढं पाहून मागे सरकतो आणि लूपची (बॉल वर घासून टॉपस्पिनने, म्हणजे पुढच्या फिरकीने मारलेल्या फटक्याची) तयारी करतो.

दोन्हींसाठी बॅट टेबलच्या वर, कोपर शरीराच्या पुढे, रबर उघडा (वर कललेला), मनगट किंचित आपल्याकडे वळलेलं. बॉल दोन्ही वेळा वर चढत असतानाच घ्यायचा. शॉर्टसाठी पकड सैल, बॉलच्या खालच्या भागाला हलका स्पर्श आणि बॅट तिथेच थांबते. लाँगसाठी स्पर्शाच्या क्षणी बोटं आवळतात, मनगट आणि हाताचा पुढचा भाग मिळून बॅट 10 ते 15 सेंटिमीटर पुढे आणि खाली जाते. शॉर्टचा पहिला टप्पा नेटपासून 30-40 सेंटिमीटरच्या आत पडावा आणि बॉल सोडून दिला तर त्याच बाजूला दुसरा टप्पा घ्यावा. लाँग शेवटच्या 20 सेंटिमीटरमध्ये पडावा. टेबलच्या मध्यावर पडणारा 'लाँग' चकवा देऊनही मार खातो, कारण चुकीच्या पायावर असलेल्या माणसालाही सावरायला वेळ मिळतो.

जड बॅकस्पिनवर पुशमधून फ्लिक काढणे

उघड्या रबराने पुश दाखवायचा आणि शेवटच्या क्षणी बॅट मिटून (खाली झुकवून) फोरहँड फ्लिक, म्हणजे मनगटाच्या झटक्याचा फटका मारायचा, हा चकवा सुंदर आहे. पण तो हलक्या किंवा बिनस्पिनच्या बॉलवरच. जड, म्हणजे खूप फिरकीचा, बॅकस्पिन उचलायला बॉल खालून वर घासावा लागतो, आणि उघड्या बॅटमधून ऐन वेळी मिटलेल्या बॅटला तेवढी जागाच मिळत नाही. बॉल नेटच्या खालच्या पट्टीत जातो. जड बॉलवर पुश-पुशचीच जोडी ठेवा: शॉर्ट की लाँग, क्रॉस (तिरका) की लाइन (सरळ). हलक्या बॉलवर पुश-फ्लिक. बॉल जड की हलका याचा अंदाज नसेल तर पुन्हा पुश-पुशच.

फ्लिक करताना बॉल उसळीच्या सर्वांत उंच बिंदूवर घ्या. शॉर्ट पुश चढत्या बॉलवर असतो, त्यामुळे वेळेचा हा फरक चाणाक्ष सर्व्हर ओळखतो. उपाय म्हणजे अधूनमधून लाँग पुशही उंच बिंदूवर घेणे, म्हणजे 'थांबला की फ्लिक येणार' हे समीकरण त्याला बांधता येत नाही.

चिकिटाची हूल, आणि ड्रॉप उंच

चिकिटा, म्हणजे कोपर उचलून, बॅटचं टोक स्वतःकडे वळवून मारलेला बॅकहँड फ्लिक. चीनच्या झांग जिकेने 2011 ते 2013 च्या काळात याच रिसीव्हच्या जोरावर सर्व्हरचा हक्काचा फायदा हिसकावून घेतला. आता जवळपास प्रत्येक क्लबमधला मुलगा तो मारतो, म्हणूनच त्याची हूल चालते: कोपर उचललं की समोरचा दबकून अर्धं पाऊल मागे जातो आणि तेव्हा आखूड ड्रॉप पडतो.

बिघडतं कुठे? मनगट आत वळवल्यावर खेळाडू हात पुढे सोडतो आणि मग रबर उघडायला जातो. बॅटला पुढचा वेग राहिलेलाच असतो, त्यामुळे बॉल तरंगत टेबलच्या मध्यावर येतो. बॉल नेट ओलांडताना चिकिटाचा पवित्रा दाखवा, टप्पा पडताच कोपर जागच्या जागी गोठवा, बॅटचं टोक फक्त बाजूने पुढे आणा आणि रबर उघडून बॉलला टेकवा. हात पुढे जायचाच नाही. तरीही बॉल उंच येत असेल तर हूल निम्मी करा. नुसतं कोपर उचलणंही पुरतं.

खरा फटका न दाखवताच खोटा दाखवणे

ज्याने सामन्यात एकही चिकिटा मारलेला नाही, त्याच्या चिकिटाच्या हुलीला कोणी का फसावं? एक गेम 11-8 असा संपला तर 19 पॉइंट होतात आणि सर्व्हिस दोन-दोनने बदलत असल्यामुळे तुमच्या वाट्याला 9 किंवा 10 रिसीव्ह येतात. त्यातले पहिले तीन-चार खरे, स्वच्छ मारा. नंतर दोन चकवे पुष्कळ झाले. प्रत्येक बॉलला हूल देणाऱ्याचा चकवा हीच त्याची सवय होते आणि सवय वाचता येते. सर्व्हर हूल पाहून हललाच नाही, तर पुढच्या वेळी सरळ खरा फटका मारा.

पहिला चकवा 9-9 वर काढणं धोक्याचं. तोपर्यंत हाताला त्या दिवसाच्या बॉलची आणि टेबलच्या उसळीची सवय नसते.

फक्त दिशेचा चकवा, स्पिनचा विसर

क्लबच्या पातळीवर दिशेपेक्षा स्पिनचा चकवा जास्त पॉइंट देतो, आणि त्यात धोकाही कमी असतो. एकाच हालचालीतून एकदा जड पुश, एकदा रिकामा (बिनस्पिनचा). जड पुशसाठी बॉल बॅटच्या टोकाकडच्या भागावर घ्या, तिथे बॅटचा वेग जास्त असतो, आणि बारीक घासा. रिकाम्यासाठी बॉल मुठीजवळच्या भागावर नुसता टेकवा आणि घासल्याचा आव स्पर्शानंतर आणा. समोरून आलेला बॅकस्पिन उलटवून आपला बॅकस्पिन टाकायचा तर घासणं भाग असतं. न घासता टेकवलेला बॉल जवळपास रिकामा जातो. त्याला जड समजून लूप केला की तो टेबलच्या बाहेर, आणि जड बॉल रिकामा समजला की नेटमध्ये.

इथली नेहमीची चूक म्हणजे रिकामा पुश उंच जाणे. जड पुशपेक्षा रबर थोडासा कमी उघडा ठेवा.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक अडचण असते. दमट हवेत रबरावर बॉल घसरतो आणि जड पुशही रिकामा होऊन जातो. तेव्हा चूक हाताची आहे की हवेची, हे आधी तपासा. प्रत्येक सहा पॉइंटनंतर टॉवेल वापरायला नियमाने मुभा आहे, ती घ्या आणि रबर कोरडा करा.

बॅट फिरवताना उशीर

बॅकहँडला लाँग पिंपल (लांब दाण्यांचा रबर) आणि फोरहँडला साधा रबर असे खेळाडू बॅट हातात फिरवून रिसीव्ह करतात. मनिका बत्राच्या खेळात हे छान दिसतं. बॉल येत असताना बॅट फिरवू नका. पकड अर्धवट राहते आणि समोरच्याला रंगही दिसतो. एक बाजू काळी आणि दुसरी चमकदार रंगाची असणं नियमाने सक्तीचं आहे. सर्व्हरने बॉल उडवला की त्याची नजर बॉलवर असते, तेव्हाच बॅट फिरवा. आणि लक्षात ठेवा, पिंपलने जड बॅकस्पिनवर पुश केला तर बॉल बॅकस्पिन घेऊन जात नाही. तो रिकामा किंवा हलका टॉपस्पिन घेऊन जातो, तोच तर चकवा. त्यावर पुढचा बॉल वेगाने येऊ शकतो, तयार राहा.

चकवा दिला आणि पाहत राहिलो

हूल यशस्वी झाली तरी बॉल परत येतोच, फक्त विचित्र येतो. टेबलखाली गेलेला उजवा पाय स्पर्श होताच मागे घ्या. आखूड बॉलसाठी वाकताना डावा तळवा टेबलवर टेकला तर पॉइंट जातो. हूल देताना शरीर जास्त झुकतं, तेव्हा हे हमखास होतं. डावा हात टेबलच्या बाहेर, कमरेच्या उंचीवर ठेवायची सवय लावा.

लांब, वेगवान सर्व्हिसवर हूल देऊच नका, वेळ नसतो. तिथे मनगटाचा शेवटचा कोन बदलून क्रॉसऐवजी लाइनवर ब्लॉक किंवा थेट समोरच्याच्या खेळत्या कोपरावर बॉल, एवढाच चकवा पुरे.

काय बिघडतंय, पटकन ओळखा

बॉल नेटमध्ये जातोय: जड बॉलवर फ्लिक करताय, किंवा हुलीत मनगट आधीच खर्च होतंय.
बॉल उंच येतोय: स्पर्शाच्या वेळी बॅट पुढे चालते आहे, किंवा बॉल उतरताना घेताय.
बॉल बरोबर पडतो, तरी समोरचा तयार: खांदे नेमाच्या दिशेने वळताहेत. खांदे क्रॉसकडेच ठेवा, फक्त मनगट लाइनकडे.
पहिल्या गेममध्ये चालतं, तिसऱ्यात नाही: चकव्यांचं प्रमाण जास्त झालंय.

सरावासाठी तिसऱ्या माणसाला सर्व्हरच्या मागे उभं करा. सर्व्हिसचा बॉल सर्व्हरच्या बाजूला पहिला टप्पा घेताच त्याने मूठ किंवा उघडा पंजा दाखवायचा: मूठ म्हणजे शॉर्ट, पंजा म्हणजे लाँग. तुमची बॅट तोपर्यंत तयार जागेवर हवी. 20 बॉलचे तीन संच. पहिल्या आठवड्यात निम्मे चुकतील, तरी हरकत नाही. सर्व्हिस ठरलेल्या स्पिनचीच घ्या. स्पिन आणि खूण दोन्ही एकदम बदलली तर काहीच शिकून होत नाही.

मग मोबाइल सर्व्हरच्या मागे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून संथगतीत चित्रण करा. बॉल तुमच्या बाजूला टप्पा घेतो त्या फ्रेमवर थांबवा आणि अशी दहा चित्रं जोडीदाराला दाखवून पुढचा फटका ओळखायला सांगा. सात-आठ बरोबर आले तर तुमची सुरुवात अजून वेगळी दिसते आहे, बहुधा कोपराची उंची किंवा रबराचा कोन. पाचच्या आसपास आले, म्हणजे तो नुसता अंदाज करतो आहे.