टेक लाइव्हची पॅकेजे टर्मिनलवरून बसवताना आणि काढताना

पदव्युत्तर प्रबंध लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत लिहायचे ठरवले, तेव्हा माझ्या उबुंटू लिनक्सवर त्याच्या 'ॲप्ट' या पॅकेज व्यवस्थापकाने बसवलेला टेक लाइव्हचा, म्हणजे लाटेक आणि त्याच्या पूरक पॅकेजांच्या वितरणाचा, लहानसा संच होता. पहिल्याच आठवड्यात आकृत्या काढण्यासाठी लागणारी 'टिक्झ डॉट एसटीवाय' ही फाइल सापडत नाही, असा संदेश आला आणि 'टिक्झ' नावाचे पॅकेज शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली. त्या नावाचे पॅकेज टेक लाइव्हमध्ये नाहीच. ती फाइल 'पीजीएफ' या पॅकेजात असते आणि उबुंटूवर तेच पॅकेज 'टेक्सलाइव्ह-पिक्चर्स' नावाच्या गठ्ठ्यात येते. एकाच गोष्टीची अशी तीन नावे असू शकतात, हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

म्हणून नवख्याने सर्वप्रथम आपले टेक लाइव्ह कोठून आले आहे, हे पाहावे. ते ॲप्टने बसवले असेल, तर भर घालणे आणि काढून टाकणे हेही ॲप्टनेच करावे. टेक लाइव्हच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने बसवले असेल, तर २००८ च्या आवृत्तीपासून सोबत येणारा 'टीएलएमजीआर' हा व्यवस्थापक वापरावा. मी काही दिवस दोन्ही एकत्र वापरले आणि पाथमध्ये, म्हणजे आज्ञा जेथे शोधल्या जातात त्या निर्देशिकांच्या यादीत, कोणती निर्देशिका आधी येते त्यानुसार कधी एका संचातले लाटेक चालू लागले, तर कधी दुसऱ्यातले. शेवटी ॲप्टचा संच पूर्ण काढला आणि इन्स्टॉलरमधील 'बेसिक' योजना (पॅकेजांचा ठरावीक लहान संच) माझ्याच होम निर्देशिकेत बसवली, त्यामुळे दर वेळी प्रशासकाचे अधिकार घेण्यासाठी 'सुडो' लिहिण्याची गरजही उरली नाही. पूर्ण योजनेला काही गिगाबाइट जागा लागते. ती असेल आणि इंटरनेट वेगवान असेल, तर पुढचा बराचसा खटाटोप वाचतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

लहान योजनेत मात्र शोधण्याची सवय लावावी लागते. 'टीएलएमजीआर सर्च'ला 'ग्लोबल' आणि 'फाइल' हे दोन पर्याय देऊन हरवलेल्या फाइलचे नाव लिहिले, की ती कोणत्या पॅकेजात आहे ते कळते. मग 'इन्स्टॉल' आणि पॅकेजचे नाव एवढेच लिहायचे. मराठी मजकुरासाठी मी याच रीतीने टंक निवडण्याचे 'फॉन्टस्पेक' हे पॅकेज आणि शोभिका हा टंक बसवला.

काढण्यासाठी 'रिमूव्ह' आहे, पण तेथे थोडे थांबावे. आधी 'ड्राय-रन' पर्याय देऊन काय काय जाणार आहे ते पाहावे, कारण एखादे संकलन, म्हणजे पॅकेजांचा गट, काढले की त्याच्यावर आधारलेली नव्हे, तर त्यात समाविष्ट असलेली पॅकेजेही जातात. याउलट, बसवलेल्या एखाद्या संकलनाला लागणारे सुटे पॅकेज काढू पाहिले, तर टीएलएमजीआर नकार देतो. त्या वेळी 'फोर्स' लिहून मोकळे होण्याचा मोह आवरावा. मी तो आवरला नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच पॅकेज पुन्हा बसवले.

सर्वांत अधिक गोंधळ झाला तो वेगळ्याच कारणाने. एक पॅकेज काढून नवे बसवले, तरी कागदावर जुनेच वर्तन दिसत होते. 'केपीएसईव्हिच' या आज्ञेने फाइलचा मार्ग विचारला, तेव्हा उत्तरात माझ्या होममधील 'टेक्समेफ' निर्देशिका आली. कधी काळी वरच्या वर्गातील मित्राकडून घेतलेली जुनी फाइल मी तेथे ठेवली होती, आणि लाटेकच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली त्या निर्देशिकेला मुख्य संचापेक्षा प्राधान्य देते. टीएलएमजीआर तिला हात लावत नाही, म्हणून ती मला स्वतःच पुसावी लागली.

आणखी एक अडचण दरवर्षी येते. नवी वार्षिक आवृत्ती आली, की आपली आवृत्ती इंटरनेटवरील पॅकेज-भांडारापेक्षा जुनी आहे असे सांगून टीएलएमजीआर काहीही बसवण्यास नकार देतो. प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर नवी आवृत्ती बसवण्याऐवजी 'ऑप्शन रिपॉझिटरी' वापरून आपल्या वर्षाच्या अंतिम, गोठवलेल्या भांडाराचा पत्ता द्यावा. मीही तसेच केले आणि नवी आवृत्ती मौखिक परीक्षा झाल्यावर बसवली.